घरच्या ध्वनिमुद्रणाची साधने: माइकपासून संगणकापर्यंत

बहुतेक लॅपटॉपना हेडफोनचे एक छिद्र असते आणि त्याच छिद्रातून माइकचा आवाजही आत घेता येतो. तरीही गाणे मुद्रित करायचे म्हटले की वेगळा ऑडिओ इंटरफेस घ्यावा लागतो. संगणकाचे अंगचे साउंड कार्ड ऐकण्यासाठी आणि बोलण्यासाठी बनवलेले असते. त्याची माइकची वाट हेडसेटमधल्या छोट्या इलेक्ट्रेट माइकपुरती असून ती त्याला दोन-तीन व्होल्ट एवढीच वीज पुरवते. स्टुडिओतल्या कंडेन्सर माइकला सहसा ४८ व्होल्ट लागतात. मंचावरचा डायनॅमिक माइक बाहेरच्या विजेशिवाय चालतो खरा, पण त्याचा संकेत मिलिव्होल्टमध्ये मोजावा इतका क्षीण असतो आणि तो वाढवताना लॅपटॉपचे सर्किट आपली खरखरही सोबत वाढवते. शिवाय हे सर्किट मदरबोर्डवर, प्रोसेसरच्या शेजारीच बसलेले असते. माउस हलवल्यावर काही लॅपटॉपच्या हेडफोनमध्ये जी बारीक चरचर ऐकू येते ती याच शेजारामुळे.

इंटरफेस हे काम संगणकाबाहेर, वेगळ्या डबीत करतो. माइकचा संकेत वाढवणारा प्रीअँप, तो संकेत आकड्यांत बदलणारा कन्व्हर्टर, संगणकाकडून परत आलेल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा दुसरा कन्व्हर्टर आणि हेडफोन व स्पीकरसाठीचे आउटपुट एवढा त्याचा संसार. यूएसबीच्या एकाच केबलमधून आकड्यांची ये-जा होते आणि बहुतेक छोट्या इंटरफेसना वीजही तीच केबल देते. घरी एकावर एक ट्रॅक चढवण्याची सोय मात्र संगणकाच्याही आधीची. टीअॅक कंपनीने १९७९मध्ये पोर्टास्टुडिओ १४४ हे यंत्र आणले. त्यात साध्या कॅसेटवर चार वेगळे ट्रॅक मुद्रित होत. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम याच यंत्रावर, न्यू जर्सीतल्या घरात, शुअर कंपनीचे दोन एसएम५७ माइक लावून मुद्रित झाला. डेमो म्हणून केलेली ती कॅसेटच शेवटी बाजारात आली. आजच्या साध्यातल्या साध्या इंटरफेसची खरखर त्या कॅसेटच्या मानाने नगण्य असते.

आकड्यांचा मोह

इंटरफेसच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेले असते ते ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’. यातला दुसरा आकडा म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो. ज्या वारंवारतेपर्यंतचा आवाज टिपायचा तिच्या दुपटीहून थोडे अधिक नमुने घेतले की पुरते, हा सिद्ध झालेला गणिती नियम आहे. माणसाचा कान तरुणपणी साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वय वाढेल तशी ही मर्यादा खाली येते. म्हणून सीडीसाठी ठरलेले ४४,१०० नमुने ऐकण्याच्या दृष्टीने पुरेसे आहेत. हा विचित्र आकडा आला व्हिडिओटेपमुळे. सुरुवातीचे डिजिटल ध्वनिमुद्रण व्हिडिओ यंत्रांवर साठवले जाई आणि चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन नमुने बसत. अमेरिकी पद्धतीत सेकंदाला ६० क्षेत्रे (फील्ड, म्हणजे अर्धी चित्रे) आणि त्यांत वापरता येणाऱ्या २४५ ओळी, युरोपी पद्धतीत ५० क्षेत्रे आणि २९४ ओळी. दोन्हीकडे गुणाकार येतो ४४,१००. चित्रपट आणि व्हिडिओ यांच्यासाठी ४८ हजार हा दर रूढ झाला. गाण्याचा व्हिडिओ करायचा असेल तर ४८ हजार घ्यावा, नाहीतर ४४,१००. ९६ हजाराने फायलींचा आकार दुपटीहून वाढतो, आणि घरच्या कामात त्याचा मोबदला कानाला जाणवत नाही.

बिटांचे गणित अधिक कामाचे आहे. प्रत्येक बिट सुमारे ६ डेसिबलची भर घालतो. त्यामुळे १६ बिटांत सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर ९६ डेसिबल, तर २४ बिटांत १४४ डेसिबल मावते. प्रत्यक्षात चांगला कन्व्हर्टर ११० ते १२० डेसिबलपर्यंत पोचतो. आता खोलीकडे पाहावे. रात्री पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, तरी शहरातल्या फ्लॅटमध्ये ३० ते ४० डेसिबलचा गोंगाट उरतोच. फूटभरावरून मोकळ्या गळ्याने गायलेला सूर माइकपाशी ८५-९० डेसिबल भरतो. म्हणजे सूर आणि गोंगाट यांतले अंतर ४५-६० डेसिबल, इंटरफेसच्या ताकदीच्या फार तर निम्मे. २४ बिट तरीही वापरावेत, कारण त्यात गेन, म्हणजे संकेत वाढवण्याचे प्रमाण, कमी ठेवण्याची मुभा मिळते. सर्वांत मोठी तान उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचेल इतकाच गेन ठेवला, तर अचानक चढलेला षड्ज फाटत नाही आणि खरखरही वाढत नाही.

प्रीअँपची गोष्टही अशीच. कोणत्याही विद्युत रोधात केवळ तापमानामुळे थोडा गोंगाट निर्माण होतो आणि तो कुठल्याच यंत्राला टाळता येत नाही. १५० ओमच्या माइकसाठी ही नैसर्गिक मर्यादा उणे १३१ डीबीयूच्या (डीबीयू हे संकेताच्या पातळीचे एकक) आसपास आहे. मध्यम किमतीच्या चांगल्या इंटरफेसचे प्रीअँप उणे १२८पर्यंत जातात. निसर्गाने आखलेल्या रेषेपासून तीन डेसिबल अलीकडे! दुप्पट-चौपट पैसे मोजून उरलेल्या तीनांतले एखाद-दोन मिळतील, आणि तेही खोलीतल्या गोंगाटाखाली गाडले जातील. इंटरफेसच्या आवाजाच्या दर्जावर चालणाऱ्या बहुतेक चर्चा म्हणूनच निष्फळ असतात. घरच्या ध्वनिमुद्रणाचा दर्जा खोली, माइक आणि माइकची जागा या क्रमाने ठरतो. इंटरफेस निवडायचा तो इनपुट किती, गेन किती आणि ड्रायव्हर (यंत्र संगणकाशी जोडणारे सॉफ्टवेअर) कसा, या तीन प्रश्नांवर.

एकाच वेळी किती माइक

एकटा गायक किंवा गिटारवादक एक-एक ट्रॅक करून काम करतो, त्याला दोन इनपुट भरपूर. पण पेटी आणि तबल्याच्या साथीचे गाणे एकत्र बसून मुद्रित करायचे तर गळ्याला एक, पेटीला एक, तबला आणि डग्गा यांना एकेक असे चार माइक लागतात. तबला-डग्ग्यावर एकच माइक ठेवून तीन इनपुटांत भागवता येते, पण मग डग्ग्याची घुमक नंतर वेगळी वाढवता वा घटवता येत नाही.

येथे खोक्यावरचे नाव फसवते. ‘४आय४’ म्हणजे चार इनपुट आणि चार आउटपुट हे बरोबर, पण ते चारही इनपुट माइकचे नसतात. फोकसराइटच्या स्कार्लेट ४आय४मध्ये माइकचे प्रीअँप दोनच असून उरलेले दोन इनपुट लाइनचे, म्हणजे आधीच पुरेशा मोठ्या संकेतासाठीचे, आहेत. ‘१८आय२०’मधल्या १८ इनपुटांपैकी माइक आठच घेतात, बाकीच्यांत डिजिटल जोडणीतून येणारे इनपुटही मोजलेले असतात. याउलट बेरिंजरच्या यूएमसी४०४एचडीला चार खरे माइक प्रीअँप आहेत. खरेदीपूर्वी यंत्राचा पुढचा आणि मागचा फोटो पाहून एक्सएलआरची, म्हणजे माइकच्या केबलची, भोके मोजणे हा सर्वांत सरळ उपाय.

भजनी मंडळाकडे किंवा वाद्यवृंदाकडे यूएसबी असलेला मिक्सर आधीच असतो, आणि त्यालाच इंटरफेस समजले जाते. यातले बरेच स्वस्त मिक्सर आठ-दहा माइक घेतात, पण संगणकाकडे डावा-उजवा एवढे दोनच ट्रॅक पाठवतात. टाळ मोठे झाले किंवा गायक दबला तर नंतर काही करता येत नाही. प्रत्येक माइक वेगळा पाठवणारे मिक्सरही मिळतात, मात्र माहितीपत्रकात तसे स्पष्ट लिहिलेले हवे. लिहिलेले नसेल तर दोनच ट्रॅक समजावेत.

दुसरा मोह यूएसबी माइकचा. यात माइक, प्रीअँप आणि कन्व्हर्टर एकाच नळकांड्यात असतात. पॉडकास्ट, अभिवाचन किंवा एकट्याच्या गाण्यासाठी तो सोयीचा आहे. अडचण येते ती दुसरा यूएसबी माइक जोडताना. प्रत्येक कन्व्हर्टर आपल्या स्फटिकाच्या घड्याळावर चालतो आणि दोन स्फटिक कधीच तंतोतंत एका गतीने चालत नाहीत. दोघांच्या गतीत दशलक्षात फक्त ५० भागांचा फरक असला तरी दहा मिनिटांत तो ३० मिलिसेकंदांवर जातो. विलंबित ख्याल मुद्रित करताना गळा एका माइकवर आणि तबला दुसऱ्यावर असेल, तर बंदिशीच्या सुरुवातीला समेवर असलेले दोघे शेवटी उघड वेगळे पडतात. गाणाऱ्याची चूक नाही, वाजवणाऱ्याचीही नाही. सगळे माइक एकाच इंटरफेसमध्ये घालण्याचे मुख्य कारण हे सामाईक घड्याळ.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा तबल्याचे अॅप माइकसमोर वाजवू नये. त्याच्या हेडफोन आउटपुटमधून केबल काढून ती इंटरफेसच्या लाइन इनपुटला द्यावी, म्हणजे तानपुऱ्याचा ट्रॅक स्वतंत्र राहतो. गायकाने तो हेडफोनमधून ऐकला की गळ्याच्या माइकमध्ये उतरत नाही. पिकअप असलेल्या गिटारसाठी किंवा व्हायोलिनसाठी मात्र लाइन इनपुट चालत नाही. त्या पिकअपना सुमारे दहा लाख ओमचा रोध समोर लागतो, नाहीतर वरचे स्वर मरतात आणि वाद्य कोंदट वाजते. बहुतेक इंटरफेसवर त्यासाठी ‘इन्स्ट्रुमेंट’ असे बटण असते, ते दाबायला विसरू नये.

उशीर आणि ड्रायव्हर

माइकमध्ये शिरलेला आवाज संगणकातून फिरून हेडफोनमध्ये यायला थोडा वेळ लागतो. या उशिराला लेटन्सी म्हणतात. संगणक नमुने एकेक न घेता गठ्ठ्याने घेतो. गठ्ठा १२८ नमुन्यांचा असेल तर ४४,१००च्या दराने तो भरायला २.९ मिलिसेकंद लागतात, ५१२चा असेल तर ११.६ आणि १,०२४चा असेल तर २३.२. हा उशीर जाताना एकदा आणि येताना एकदा होतो, वर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर यांचा थोडा वेळ. हवेत आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. बैठकीत तबलजी गायकापासून दीड मीटरवर बसला तर दोघांत साडेचार मिलिसेकंदांचा उशीर असतोच आणि तो कोणाला कळतही नाही. म्हणून एकूण दहा मिलिसेकंदांच्या आत राहिले तर वादकाचे बोट अडत नाही. वीसच्या पुढे ठेका जड वाटू लागतो.

गायकाचे प्रकरण वेगळे आहे. त्याला स्वतःचा आवाज हाडांमधून तत्काळ पोचतो आणि हेडफोनमधला आवाज काही मिलिसेकंदांनी येऊन त्यावर आदळतो. दोन्ही मिसळून आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा लागतो आणि सूर लावणे अवघड होते. यासाठी इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ची सोय हवीच. माइकचा आवाज संगणकात न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनला मिळतो. ही सोय जवळपास सगळ्या इंटरफेसवर असते. कुठे ती नुसते बटण असते, तर कुठे थेट आवाज आणि संगणकाचा आवाज यांचे प्रमाण बदलणारी खुंटी. खुंटी कितीतरी बरी. कीबोर्ड जोडून संगणकातली वाद्ये वाजवणाऱ्याला मात्र डायरेक्ट मॉनिटरचा उपयोग नाही, कारण त्याचा आवाज संगणकातच जन्मतो. त्याला लहान गठ्ठा, आणि तो पेलणारा ड्रायव्हर व प्रोसेसर लागतो.

मॅकवर ड्रायव्हरची व्यवस्था प्रणालीतच असते, त्यामुळे बहुतेक इंटरफेस जोडताच चालतात. विंडोजवर गाण्याच्या सॉफ्टवेअरना स्टाइनबर्ग कंपनीने १९९७मध्ये आणलेली आसिओ ही पद्धत लागते आणि तिचा ड्रायव्हर इंटरफेसच्या निर्मात्याने स्वतः लिहिलेला असावा. काही स्वस्त इंटरफेस स्वतःचा ड्रायव्हर देत नाहीत आणि आसिओफॉरऑल हे फुकट सॉफ्टवेअर वापरायला सांगतात. त्याने काम भागते, पण लहान गठ्ठ्यावर मध्येच टकटक येते, कधी एकाच वेळी यूट्यूब आणि रेकॉर्डिंग दोन्ही चालत नाही. दोन इंटरफेसमध्ये बाकी सगळे सारखे असेल तर ज्याचा स्वतःचा ड्रायव्हर आहे तोच घ्यावा, थोडा महाग पडला तरी. लिनक्सवर यूएसबीचे सर्वसाधारण मानक पाळणारी यंत्रे चालतात, निर्मात्याचे खास नियंत्रण सॉफ्टवेअर मात्र सहसा चालत नाही.

यूएसबी २ की ३ हा प्रश्न गौण आहे. २४ बिटांच्या दोन ट्रॅकना सेकंदाला सुमारे २१ लाख बिट लागतात, आणि यूएसबी २ची क्षमता ४८ कोटी बिटांची आहे. मागचे टोक टाइप-सीचे आहे म्हणून यंत्र वेगवान होत नाही.

माइक

पैसे जिथे खरोखर कानाला कळतात ती ही जागा. घरच्या कामासाठी माइकचे दोन प्रकार विचारात घ्यायचे. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला चिकटलेली तारेची गुंडाळी चुंबकात हलते. तो दणकट असतो, हातातून पडला तरी सहसा काही होत नाही, मोठा आवाज झेलतो. कंडेन्सर माइकमध्ये अतिशय पातळ पडदा आणि एक पट्टी यांतल्या विद्युतभाराचा बदल मोजला जातो. पडदा हलका असल्याने बारीक हरकत, श्वास, तबल्याच्या चाटेवरचा टणत्कार तो स्पष्ट पकडतो. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर इंटरफेस पुरवतो. रिबन माइक हा तिसरा प्रकार नाजूक आणि महाग. सुरुवात करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

खोलीवर काही उपचार केलेले नसतील तर डायनॅमिकच घ्यावा, तो खोलीचा आवाज उचलत नाही, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. खोलीचा आवाज किती येणार हे माइकची दिशा आणि अंतर यांवर ठरते. डायनॅमिक माइक ओठांपासून चार बोटांवर धरतात आणि कंडेन्सर दीड फुटावर ठेवतात, म्हणून पहिल्यात खोली कमी येते. अंतर निम्मे केले की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा घुमारा तेवढाच राहतो, माइक कुठलाही असो. कंडेन्सरही जवळ आणून गेन कमी केला तर तोच परिणाम साधतो. मात्र दिशिक माइक फार जवळ आला की खर्ज फुगतो, आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांची फुंकर पडद्यावर आदळते. त्यासाठी पॉप फिल्टर लावावा आणि माइक ओठांच्या किंचित बाजूला ठेवावा.

बहुतेक माइक कार्डिऑइड, म्हणजे पुढून ऐकणारे आणि मागून जवळपास बहिरे असतात. या बहिऱ्या बाजूचा उपयोग करून घ्यायला हवा. माइकची पाठ रस्त्याकडच्या खिडकीकडे किंवा लॅपटॉपच्या पंख्याकडे करावी, आणि गायकाच्या मागे उघडी भिंत न ठेवता कपड्यांनी भरलेले कपाट, जाड पडदा किंवा टांगलेली गोधडी ठेवावी. माइक गायकाकडे पाहतो, म्हणजे गायकाच्या मागची भिंतही पाहतो. अंड्यांचे पुठ्ठे चिकटवून काही होत नाही. ते हलके आणि पातळ असल्याने फक्त वरच्या वारंवारतांना थोडे अडवतात, आणि गळ्याचा मधला घुमारा तसाच राहतो.

माहितीपत्रकात कंडेन्सरची ‘सेल्फ नॉइज’, म्हणजे त्याची अंगची खरखर, दिलेली असते. रोडचा एनटी१ ४.५ डेसिबल, ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० २० डेसिबल. फरक मोठा दिसतो, पण खोलीचाच गोंगाट ३५ डेसिबल असेल तर दोन्ही त्याखाली बुडतात. खोली खरोखर शांत असेल, किंवा दुरून सारंगी-सतारीसारखे हळू वाजणारे वाद्य टिपायचे असेल, तरच या आकड्याला किंमत द्यावी.

डायनॅमिकमध्ये पाहायचा आकडा संवेदनशीलतेचा. शुअरचा १९६६चा एसएम५८ आजही बाजारात आहे आणि गळ्यासाठी चालतो. त्याच कंपनीचा १९७३मध्ये आलेला एसएम७ मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’साठी वापरला गेला, त्याचा आजचा अवतार एसएम७बी पॉडकास्टमुळे घरोघरी माहीत झाला आहे. पण तो इतका मंद आहे की हळू गाणाऱ्यासाठी इंटरफेसचा गेन ६० डेसिबलच्या आसपास लागतो. जुन्या आणि स्वस्त इंटरफेसांचा गेन पन्नाशीतच संपतो. मग खुंटी शेवटपर्यंत फिरवावी लागते, नाहीतर सुमारे २५ डेसिबल वाढवणारी क्लाउडलिफ्टरसारखी डबी वेगळी घ्यावी लागते. माइक आणि डबी मिळून होणाऱ्या खर्चात बहुतेक घरांत चांगला कंडेन्सर आणि पडद्यांचा खर्च भागतो, आणि निकालही अधिक चांगला येतो. एसएम५८च्या नकला जगभर विकल्या जातात, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा.

पेटीचा आवाज वरच्या फटींतून येतो आणि भात्याचा श्वास मागून. माइक पेटीच्या पुढे-वर, फूट-दीड फुटावर, भात्याकडे पाठ करून लावला तर भाता कमी ऐकू येतो. तबल्यावर छोट्या पडद्याचा कंडेन्सर वीतभर वरून, किनारीकडे रोखून ठेवावा. डग्ग्यासाठी डायनॅमिक पुरतो, फक्त त्याच्या इनपुटवर ८० हर्ट्झखालचे कापणारे बटण दाबलेले नसावे, नाहीतर मींड निघून जाते आणि नुसती थाप उरते. गळ्यासाठी तेच बटण उपयोगी आहे, कारण पंख्याची घरघर आणि जमिनीचा हादरा त्यात कापला जातो.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कंडेन्सर माइक अचानक चरचरू लागतो. पडद्यावर ओलावा बसला की भार गळतो. काम झाल्यावर माइक स्टँडवर उघडा न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. ओलावा सुकल्यावर बहुतेक वेळा आवाज पूर्ववत होतो.

विजेची घरघर

हेडफोनमध्ये सतत ‘हूं’ असा आवाज येत असेल तर तो ५० हर्ट्झच्या घरगुती विजेचा किंवा त्याच्या दुपटीचा असतो. सर्वांत नेहमीचा गुन्हेगार लॅपटॉपचा दोन पिनांचा चार्जर. त्याला अर्थिंग नसते आणि त्यातली गळती यूएसबीमार्गे इंटरफेसमध्ये येते. लॅपटॉपच्या धातूवर हात फिरवताना मुंग्या येतात त्या याच गळतीच्या. तपासणी सोपी आहे. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. घरघर गेली तर तीन पिनांचा, अर्थिंग असलेला चार्जर घ्यावा आणि इंटरफेस, स्पीकर, लॅपटॉप हे सगळे एकाच बोर्डवरून चालवावेत. अर्थिंगची पिन तोडून घरघर घालवणे धोक्याचे आहे, ते कधीही करू नये. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्यांचे डिमर हेही केबलमध्ये टर्रटर्र घालतात, ते रेकॉर्डिंगपुरते पूर्ण बंद करावेत.

माइकची केबल एक्सएलआर टोकांची असते ती याच कारणासाठी. तिच्यात एकच संकेत दोन तारांत एकमेकांच्या उलट जातो. वाटेत शिरलेला गोंगाट मात्र दोन्ही तारांत सारखा असतो. इनपुट दोन्हींमधला फरक तेवढा घेतो, म्हणून गोंगाट कटतो आणि संकेत राहतो. महागड्या केबलने याहून काही अधिक होत नाही.

ऐकायचे कशावर

मुद्रण करताना हेडफोन बंद पाठीचे हवेत, म्हणजे तानपुऱ्याचा किंवा ठेक्याच्या क्लिकचा आवाज माइकमध्ये गळत नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१पासून स्टुडिओंत दिसणारा हेडफोन या कामाला चालतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो घेताना रोध पाहावा. ८० ओमचा छोट्या इंटरफेसवर नीट वाजतो, २५० ओमचा हळू वाजू शकतो. ब्लूटूथ हेडफोन मुद्रणासाठी निरुपयोगी आहेत, त्यांचा उशीर सहसा १०० मिलिसेकंदांहून जास्त असतो.

स्पीकर सर्वांत शेवटी घ्यावेत. १० बाय १२च्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमुळे ५६ आणि ४७ हर्ट्झच्या आसपासचे स्वर फुगतात, आणि त्यांच्या पटीतलेही. एका जागी डग्गा गरजतो तर दोन फूट सरकल्यावर गायब होतो. अशा खोलीत आठ इंची स्पीकर ठेवले तर हा गोंधळ वाढतो. पाच इंची पुरतात, भिंतीपासून थोडे दूर, दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण होईल असे, आणि उंची कानाबरोबर. खोली नीट नसेल तर अंतिम निर्णय हेडफोनवर घ्यावा आणि मोबाइलच्या स्पीकरवर, गाडीत पडताळून पाहावा.

संगणक आणि जुना माल

संगणकाची ताकद नुसत्या मुद्रणाला फारशी लागत नाही. एका मिनिटाच्या एका ट्रॅकला २४ बिटांत सुमारे ८ एमबी जागा लागते. चार ट्रॅकचे तासभराचे मुद्रण दोन जीबीच्या आत बसते. ताकद खातात ती इफेक्ट आणि संगणकातली वाद्ये. ८ जीबी मेमरीवर साधे काम होते, वाद्यांचे मोठे संच असतील तर १६ जीबी हवेत. एसएसडी घ्यावी, वेगासाठी तर आहेच, पण फिरत्या डिस्कची घूंघूं माइकमध्ये येत नाही हाही फायदा. लॅपटॉपचा पंखा हा मोठा शत्रू आहे, म्हणून शांत लॅपटॉप किंवा लांब केबल.

जुना माइक निर्धास्त घ्यावा, विशेषतः डायनॅमिक. पन्नास वर्षांपूर्वीचा एसएम५८ आजही नव्या इंटरफेसला जोडता येतो. जुन्या इंटरफेसचे तसे नाही. फायरवायरच्या एकेकाळच्या महागड्या यंत्रांना जोडायला आज लॅपटॉपवर भोकच उरलेले नाही, आणि यूएसबीच्या अनेक चांगल्या यंत्रांचे ड्रायव्हर निर्मात्यांनी थांबवले आहेत. पैसे देण्याआधी निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलचा, आपल्या प्रणालीसाठीचा ड्रायव्हर शोधावा आणि त्याची तारीख पाहावी. तो नसेल, आणि यंत्र ड्रायव्हरविना चालणारेही नसेल, तर फुकट मिळाले तरी घेऊ नये.